टेटजेन का अडतं आणि घळ का बुजते: प्रोटीनपासून डेंड्रायटिक स्पाइनपर्यंत मेश बनवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेझ या एन्झाइमची रचना पीडीबी या प्रोटीन-रचनांच्या संग्रहातून घेऊन तिचा त्रिकोणी मेश, म्हणजे पृष्ठभागाचं त्रिकोणांचं जाळं, बनवला. तो टेटजेनला, म्हणजे मेशमधली जागा चतुष्फलकांनी (टेट) भरणाऱ्या टूलला, दिला तर 'पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो' म्हणून ते थांबतं. मेश हाताळण्याच्या मेशलॅब या टूलमध्ये दुरुस्ती केली की चालतं, पण मग एन्झाइममधली अरुंद घळ बुजलेली दिसते. पुढे हीच पद्धत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीतून आलेल्या डेंड्रायटिक स्पाइनला (मज्जापेशीच्या फांदीवरच्या छोट्या उंचवट्याला) लावायची आहे, तर ते जमेल का?

जमेल, पण दुरुस्तीपासून सुरुवात करू नका. मेश दुरुस्त करणाऱ्या टूल्सना रसायनशास्त्र कळत नाही. दोन भिंती जवळ आल्या की त्यांना ती चूक वाटते आणि ती टूल्स त्या भिंती एकमेकींना चिकटवून मोकळी होतात. तुमच्या एन्झाइममध्ये नेमकी तीच जागा कामाची आहे. म्हणून पहिलं काम एकच: तुमच्या रचनेतली सर्वांत अरुंद जागा किती रुंद आहे ते मेश बनवण्याआधी मोजा. ग्रिडच्या बिंदूंमधलं अंतर, त्रिकोणांच्या कडांची लांबी, स्मूदिंगच्या (गुळगुळीत करण्याच्या) फेऱ्या, सगळं या आकड्यावरून ठरतं.

टॉर्पेडो कॅलिफोर्निका या विजेचा झटका देणाऱ्या माशाच्या अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेझची रचना १९९१ मध्ये जोएल सुसमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. सक्रिय जागा, म्हणजे जिथे रासायनिक क्रिया होते ती, सुमारे २० अँगस्ट्रॉम (१० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर) खोल घळीच्या तळाशी आहे. घळीची रुंदी साधारण ५ अँगस्ट्रॉम आहे आणि टायरोसिन १२१ व फेनिलअ‍ॅलॅनिन ३३० यांच्यामध्ये ती आणखी आवळते. प्रोटीनमधले बोगदे शोधणाऱ्या कॅव्हरसारख्या टूलने अणूंच्याच निर्देशांकांवरून घळीच्या अक्षावर दर अर्ध्या अँगस्ट्रॉमला त्रिज्या काढून ठेवा. मेश तयार झाला की त्याच अक्षावर पुन्हा त्रिज्या मोजायची. दोन आलेख एकमेकांवर ठेवले की घळ कुठल्या पायरीला बुजली ते लगेच कळतं. नुसतं स्क्रीनवर फिरवून बघण्यात अर्थ नाही, घळीचं तोंड उघडं दिसतं आणि आत गळा मिटलेला असतो.

फाइल आधी साफ करा

पाण्याचे रेणू आणि स्फटिकासाठी वापरलेली रसायनं काढा. घळीत एखादं इनहिबिटर (एन्झाइमला अडवणारा रेणू) बसलेलं असेल तर तेही काढा, नाहीतर घळ मेश बनण्याआधीच भरलेली असते. मूळ, इनहिबिटर नसलेली रचना हवी असेल तर पीडीबीमधली १ईए५ ही नोंद वापरा, तिचं रिझोल्यूशन १.८ अँगस्ट्रॉम आहे. साखरेच्या साखळ्या ठेवायच्या की काढायच्या ते विद्युतभार लक्षात घेऊन ठरवा, भूमितीला त्यांचा फारसा त्रास नाही.

पीडीबी फाइलमधल्या तीन नोंदी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. रिमार्क ४६५ मध्ये न दिसलेली अमिनो आम्लं असतात, रिमार्क ४७० मध्ये न दिसलेले अणू, आणि रिमार्क ३५० मध्ये प्रत्यक्षात प्रोटीन किती साखळ्यांचं मिळून काम करतं ते. ४६५ मधला एखादा लूप घळीच्या काठावर असेल तर तो मॉडेल केल्याशिवाय मेश बनवणं व्यर्थ, कारण तिथे पृष्ठभागाला खोटा खड्डा पडतो. एकाच साइडचेनच्या अ आणि ब अशा दोन पर्यायी स्थिती दिलेल्या असतात, त्यातली एकच ठेवा. दोन्ही राहिल्या तर अणूंची गर्दी होते आणि पृष्ठभाग तिथे फुगतो.

मग पीडीबीटूपीक्यूआर हा प्रोग्राम चालवून हायड्रोजन, भार आणि त्रिज्या भरून घ्या. इथे एक जुना सापळा आहे. अ‍ॅम्बर फोर्सफील्डमध्ये (अणूंच्या भार-त्रिज्यांच्या संचात) हायड्रॉक्सिल हायड्रोजनची त्रिज्या शून्य असते. गॉसियन पृष्ठभागाच्या (त्याबद्दल पुढे) सूत्रात त्रिज्येच्या वर्गाने भागाकार असतो, म्हणजे शून्य त्रिज्या आली की ग्रिडवर आकड्यांऐवजी कचरा पडतो. बरेच प्रोग्राम त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, फक्त मेशला मोठालं भोक पडतं. पृष्ठभाग बनवताना असे हायड्रोजन वगळा. ते ऑक्सिजनच्या पोटातच असतात, त्यामुळे आकारात काही फरक पडत नाही. भार मोजताना मात्र ते परत हवेत. म्हणजे दोन फाइली ठेवा, एक भूमितीची, एक भारांची.

कोणता पृष्ठभाग

अणूंचे गोल नुसते एकत्र केले की व्हॅन डर वाल्स पृष्ठभाग मिळतो. १९६४ च्या बोंडीच्या यादीप्रमाणे कार्बन १.७०, नायट्रोजन १.५५, ऑक्सिजन १.५२, गंधक १.८० अँगस्ट्रॉम. या पृष्ठभागावर अणूंमध्ये पाणीही शिरू शकणार नाही अशा असंख्य फटी राहतात, त्यामुळे मेशसाठी तो निरुपयोगी. पाण्याचा रेणू म्हणून १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा गोल प्रोटीनवरून फिरवला आणि त्याच्या केंद्राचा माग घेतला तर ली आणि रिचर्ड्स यांनी १९७१ मध्ये मांडलेला पृष्ठभाग मिळतो. तो सगळीकडे १.४ ने फुगलेला असतो. ५ अँगस्ट्रॉमची घळ त्यात २.२ ची होते. क्षेत्रफळ मोजायला चांगला, तुमच्या कामाला नाही.

तुम्हाला हवा तो त्या फिरत्या गोलाच्या कडेने तयार होणारा पृष्ठभाग. त्यात तीन प्रकारचे तुकडे असतात. गोल एका अणूला टेकला तर बहिर्गोल तुकडा, दोन अणूंना एकदम टेकून त्यांच्याभोवती फिरला तर खोगिरासारखा, आणि तीन अणूंमध्ये अडकला तर अंतर्गोल त्रिकोण. टेटजेनची तक्रार इथेच उगम पावते. दोन अणूंभोवती फिरताना गोलाचं केंद्र ज्या वर्तुळावरून जातं त्याची त्रिज्या गोलाच्या त्रिज्येपेक्षा कमी झाली, की खोगिराचा भाग स्वतःतूनच आरपार जातो आणि तिथे टोक तयार होतं. अंतर्गोल तुकडेही असेच एकमेकांना कापतात. म्हणजे ही प्रोग्रामची चूक नाही, पृष्ठभागाच्या व्याख्येतच ती आहे. प्रोग्रामने हे जादा भाग काटेकोरपणे छाटायचे असतात, आणि छाटताना दशांशाच्या चुका होतात.

एमएसएमएस हे असा पृष्ठभाग बनवणारं सॅनरचं १९९६ चं टूल अजून सर्रास वापरलं जातं, कारण ते वेगवान आहे. पण त्याची मूळ सेटिंग्ज तशीच ठेवू नका: गोलाची त्रिज्या १.५ आणि दर चौरस अँगस्ट्रॉमला १ बिंदू. त्रिज्या १.४ करा, घनता ३ च्या पुढे न्या. ते आपणहून फक्त बाहेरचा पृष्ठभाग देतं. आतल्या पोकळ्या हव्या असतील तर सर्व घटकांचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. अडचणीच्या जागी ते काही अणूंच्या त्रिज्या किंचित बदलून पुन्हा सुरू होतं, तेव्हा त्याचा लॉग वाचा. अडचण बहुतेक वेळा बेंझिन वलयांपाशी येते. हायड्रोजन भूमितीने नेमके सममितीत बसवलेले असतात, त्यामुळे एका गोलाला चार-चार अणू एकदम टेकतात आणि कोणते तीन निवडायचे हे प्रोग्रामला ठरवता येत नाही. तुमच्या घळीच्या भिंती तर चौदा अ‍ॅरोमॅटिक अमिनो आम्लांच्या आहेत. सगळ्या निर्देशांकांना ०.००१ अँगस्ट्रॉमच्या आतबाहेर यादृच्छिक धक्का दिला की ही अडचण जाते. पीडीबी फाइलची अचूकताही तिसऱ्या दशांशापर्यंतच आहे, तेव्हा यात काही गमावत नाही.

टेट मेशच बनवायचा असेल तर नॅनोशेपर जास्त भरवशाचं. ते पृष्ठभागाला ग्रिडच्या किरणांनी छेदून त्या छेदबिंदूंवरून त्रिकोण बनवतं, म्हणून मेश बंद आणि स्वतःला न छेदणारा मिळतो. किंमत अशी की ग्रिडपेक्षा बारीक काही उरत नाही. दर अँगस्ट्रॉमला २ ग्रिडबिंदू म्हणजे अंतर ०.५; घळीसाठी मी ४, म्हणजे अंतर ०.२५, घेईन. १०० अँगस्ट्रॉमच्या घनाला ०.५ अंतरावर ८० लाख बिंदू लागतात, ०.२५ वर ६ कोटी ४० लाख. चार बाइटप्रमाणे २५६ मेगाबाइट, म्हणजे आजच्या लॅपटॉपला काहीच नाही.

तिसरा रस्ता गॉसियन पृष्ठभागाचा. प्रत्येक अणूभोवती घंटेसारखी घनता मांडायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि बेरीज १ होईल तिथे पृष्ठभाग घ्यायचा. टोकं नाहीत, छेद नाहीत, सगळं गुळगुळीत, म्हणून हा मोहात पाडतो. पण एकटा अणू बरोबर त्याच्या त्रिज्येवर बसत असला तरी शेजारी गर्दी झाली की बेरीज वाढते आणि पृष्ठभाग बाहेर सरकतो. घळीच्या दोन्ही भिंती अर्धा-अर्धा अँगस्ट्रॉम पुढे आल्या तरी ५ चे ४ होतात. घंटेचा उतार तीव्र करत न्या आणि आतलं घनफळ मोजत जा. प्रोटीनचं घनफळ दर डाल्टनला सुमारे १.२१ घन अँगस्ट्रॉम असतं, म्हणजे ६० हजार डाल्टनच्या एका साखळीला ७२-७३ हजार. त्याच्या बरंच वर गेलात तर पृष्ठभाग फुगलाय. घनफळ जमलं तरी घळीचा आलेख तपासायचाच, कारण एकूण आकडा बरोबर येऊनही गळा मिटलेला असू शकतो.

पोकळ्यांचं काय? १.४ त्रिज्येच्या गोलाचं घनफळ सुमारे ११.५ घन अँगस्ट्रॉम. त्याहून लहान पोकळी सरळ भरून टाका. मोठी असेल तर तिथे खरंच पाणी आहे का ते मूळ स्फटिकातल्या पाण्याच्या नोंदींवरून बघा.

त्रिकोण, मग टेटजेन

ग्रिडमधून मार्चिंग क्यूब्सने (एकेका घनातून पृष्ठभाग काढत जाणाऱ्या पद्धतीने) काढलेल्या मेशमध्ये सुईसारखे त्रिकोण हटकून येतात, कारण ग्रिडच्या कोपऱ्यावरचं मूल्य पृष्ठभागाच्या मूल्याच्या अगदी जवळ पडलं की तिथे चिंचोळी चकती तयार होते. १९८७ ची मूळ पद्धत काही संदिग्ध घनांमध्ये भोकंही ठेवते. नव्या आवृत्त्यांत ते सुधारलेलं आहे, पण कुठली लायब्ररी वापरताय ते बघा.

आकडा ठरवण्याची रीत अशी. ५ अँगस्ट्रॉम रुंद घळीचा परीघ सुमारे १६. कड १ अँगस्ट्रॉमची ठेवली तर परिघावर १६ कडा बसतात, २ ची ठेवली तर ८, आणि गळ्यापाशी त्याहून कमी. १ अँगस्ट्रॉम कडेच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ ०.४३३, सुमारे २० हजार चौरस अँगस्ट्रॉम पृष्ठभागाला ४६ हजार त्रिकोण लागतात. सगळीकडे ०.५ केलंत तर चौपट. म्हणून घळीत ०.५ आणि बाहेर १.५ ते २ असं ठेवा. मात्र त्रिकोण कमी करणारी नेहमीची क्वाड्रिक पद्धत समोरासमोरच्या भिंती बघत नाही. ती एक भिंत दुसरीतून आरपार नेते आणि टेटजेन पुन्हा अडतं. घळीतले शिरोबिंदू निवडून गोठवा आणि उरलेले कमी करा. ब्लेंडरमध्ये चालणारं गेमर या कामासाठीच बनलंय: कडा उलटवणं, कोनांनुसार बिंदू सरकवणं आणि वक्रता सांभाळणं एकाच ठिकाणी होतं.

स्मूदिंगला साधा लाप्लासियन वापरलात तर प्रत्येक फेरीला आकार आक्रसतो. टाउबिनची १९९५ ची पद्धत एक पाऊल आत, एक पाऊल बाहेर अशी चालते, लॅम्डा (आतलं पाऊल) ०.३३ आणि म्यू (बाहेरचं पाऊल) उणे ०.३४ हे आकडे चालतात. दोघांच्या व्यस्तांची बेरीज ०.१ च्या आसपास धन असली पाहिजे. म्यूचा आकडा, उणे चिन्ह सोडून, लॅम्डापेक्षा लहान ठेवलात तर ती पुन्हा आक्रसणारीच पद्धत होते. सर्वांत लहान कोन २० अंशांच्या वर गेला की थांबा. अजून चकाकी आणायचा मोह आवरा.

आता टेटजेन. आधी फक्त 'डी' पर्यायाने चालवा. ते एकमेकांना छेदणाऱ्या त्रिकोणांची यादी देतं. त्या त्रिकोणांना जवळचे अणू शोधा. सगळे घळीत असतील तर कड आणि ग्रिड बारीक करा. पृष्ठभागावर विखुरलेले असतील तर स्मूदिंग किंवा त्रिकोण कमी करण्यात गडबड आहे. यादी रिकामी आल्यावर 'पी' (पृष्ठभागावरून मेश), 'क्यू' (टेटचा दर्जा) आणि 'ए' (टेटचं कमाल घनफळ) हे पर्याय; 'क्यू' १.४ च्या आसपास. पृष्ठभागावर टेटजेनने नवे बिंदू घालू नयेत असं वाटत असेल तर मोठं 'वाय'.

फक्त बाहेरच्या द्रावणातलं डिफ्यूजन सोडवायचं असेल तर प्रोटीनच्या आत एक 'होल' बिंदू (हा भाग रिकामा ठेव असं सांगणारा) द्यावा लागतो. बहुतेक जण तिथे प्रोटीनचं वस्तुमानकेंद्र टाकतात. या एन्झाइममध्ये घळ पार मध्यापर्यंत जाते. केंद्र घळीच्या पोकळीत पडलं तर टेटजेन बाहेरचं सगळं द्रावण 'होल' समजून खाऊन टाकतं आणि उरतो तो फक्त प्रोटीनच्या आतला मेश. पृष्ठभागापासून सर्वांत खोल असलेल्या एखाद्या अल्फा कार्बनचे निर्देशांक द्या. पोकळ्या ठेवल्या असतील तर प्रत्येकीला वेगळा बिंदू लागतो.

बाहेरचा गोल किती मोठा? डिफ्यूजनमध्ये संहती अंतराच्या व्यस्त प्रमाणात सावरते. प्रोटीनच्या त्रिज्येच्या १० पट अंतरावर 'इथे संहती पूर्ण' असं ठरवलंत तर गोलाकार रेणूचा वेग सुमारे ११ टक्के जास्त येतो. ४० पट अंतरावर अडीच टक्के. म्हणून ४० पट घ्या. बाहेरचे टेट प्रचंड मोठे असतात, त्यामुळे संख्या फारशी वाढत नाही. विद्युतक्षेत्राला मात्र इतकं लागत नाही, कारण १५० मिलिमोलर क्षारात डिबाय लांबी (विद्युतप्रभाव विरत जाण्याचं अंतर) जेमतेम ७.९ अँगस्ट्रॉम असते.

खरी गणितं चालवण्याआधी तीन तपासण्या करा. एक, शिरोबिंदू उणे कडा अधिक त्रिकोण: एकसंध, भोक नसलेल्या पृष्ठभागाला २ यायला हवेत. शून्य आलं तर कुठेतरी आरपार बोगदा आहे. ४ आलं तर आत एक सुटी पोकळी किंवा बाहेर तरंगता तुकडा. दोन, घनफळ ऋण आलं तर त्रिकोणांच्या दिशा उलट्या आहेत. तीन, प्रोटीन बाजूला ठेवून २ अँगस्ट्रॉमचा एकच गोल, मध्यभागी १ भार, आत परावैद्युतांक १ आणि बाहेर ७८.५४ घ्या. बॉर्नच्या सूत्राने (भाराची द्रावणातली ऊर्जा) उणे ८१.९६ किलोकॅलरी प्रतिमोल येतं. तुमची मेश-ते-उत्तर साखळी एवढंही देत नसेल तर एन्झाइमच्या निकालावर विश्वास ठेवायचं कारण नाही. आणि फक्त विद्युतऊर्जाच हवी असेल तर टेट मेशची उठाठेव कशाला? एपीबीएस हे टूल साध्या ग्रिडवर ते काम करतं.

स्पाइनकडे वळताना

इथे अणू नाहीत, व्याख्येने ठरलेला पृष्ठभागही नाही. आहेत ती सेगमेंटेशनची लेबलं, म्हणजे चित्रातला कुठला ठिपका कशाचा त्याच्या खुणा. पण मोजायची गोष्ट तीच. स्पाइनच्या मानेतून जाणारी एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमची (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याची) नळी आणि बाहेरचं पटल यांच्यात संपर्काच्या जागी १० ते ३० नॅनोमीटर अंतर असतं. व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्राचा ठिपका) ८ नॅनोमीटरचा असेल तर १२ नॅनोमीटरची फट म्हणजे दीड व्हॉक्सेल. सेगमेंटेशनमध्ये एका व्हॉक्सेलची चूक झाली की दोन पटलं एक होतात.

काप कापून घेतलेल्या डेटामध्ये आडवा व्हॉक्सेल ४ आणि उभा ४० नॅनोमीटर असं असतं. लेबलांवर सरळ मार्चिंग क्यूब्स चालवलं की दहास एक अशा पायऱ्या दिसतात, आणि त्या पुसायला इतकं स्मूदिंग लागतं की मान तुटते. त्याऐवजी प्रत्येक कापावर सीमेपासूनचं चिन्हांकित अंतर काढा, आत ऋण आणि बाहेर धन, आणि दोन कापांच्या मध्ये या अंतरांचं इंटरपोलेशन करा. पृष्ठभाग शून्यावर घ्या. पायऱ्या बऱ्याचशा इथेच जातात. टोमोग्राफी असेल तर आणखी एक: नमुना फक्त उणे ६० ते अधिक ६० अंश कलवलेला असेल तर उभ्या दिशेने आकृती सुमारे १.५५ पट ताणल्यासारखी दिसते. गोल व्हेसिकल (पेशीतली सूक्ष्म पिशवी) अंड्यासारखं दिसत असेल तर ती जीवशास्त्राची गंमत नाही.

पटल आणि रेटिक्युलम यांचे मेश वेगवेगळे बनवून शेवटी एकत्र ठेवू नका, ते एकमेकांना छेदणारच. अंतरांच्या पातळीवरच सांभाळा. रेटिक्युलमचं नवं अंतर म्हणजे त्याचं मूळ अंतर आणि 'बाहेरच्या पटलाचं अंतर अधिक किमान फट' यांतलं जे मोठं असेल ते. असं केलं की रेटिक्युलम पटलाच्या आत किमान तेवढं राहतं. यात तुम्ही डेटा बदलताय हे विसरू नका. किती व्हॉक्सेल सरकले ते मोजा आणि निकालासोबत लिहा. एक-दोन टक्क्यांवर गेलं तर सेगमेंटेशन पुन्हा करणंच बरं.

फाटका मेशही पचवणारं टेट मेशचं टूल म्हणून एफटेटवाइल्ड हल्ली सुचवलं जातं, आणि ते खरंच काहीही पचवतं. पण ते पृष्ठभागाला एका मर्यादेत सरकू देतं, आणि ती मर्यादा मूळ सेटिंगमध्ये पूर्ण चौकटीच्या कर्णाच्या एक हजारांश असते. प्रोटीनच्या १०० अँगस्ट्रॉम कर्णाला ती ०.१ येते, ठीक आहे. १० मायक्रोमीटर बाजूच्या पेशीच्या तुकड्याला कर्ण १७ मायक्रोमीटर, म्हणजे मर्यादा १७ नॅनोमीटर. तुमची १२ नॅनोमीटरची फट न विचारता नाहीशी. एक तर चौकट लहान करा, नाहीतर मर्यादा फटीच्या एक दशांशावर आणा आणि जास्त वेळ लागेल ते सोसा.

स्पाइनमध्ये कॅल्शियमचे कण एमसेल या सिम्युलेशनच्या प्रोग्रामने चालवायचे असतील तर टेट मेश लागतच नाही, बंद आणि दिशा बरोबर असलेला पृष्ठभाग पुरतो. पटलाजवळच्या कडा फटीच्या निम्म्या, म्हणजे ६ नॅनोमीटर. स्पाइनच्या डोक्यावर ३०-४० चालतील. रिसेप्टर कुठल्या त्रिकोणांवर आहेत त्याच्या खुणा सगळ्यात शेवटी करा. आधी केल्या तर पुढच्या रीमेशिंगमध्ये त्या पुसल्या जातात. आणि मेश एसटीएलमध्ये साठवू नका. त्यात प्रत्येक त्रिकोण आपले तीन बिंदू वेगळे लिहितो, शेजाऱ्याशी नातं उरत नाही, आणि बिंदू पुन्हा जोडताना ठेवलेली सहनमर्यादा फटीहून मोठी निघाली तर दोन पटलांचे बिंदू एक होतात. ओएफएफ किंवा पीएलवाय वापरा.